मदत हवी आहे: प्रायव्हेट जेटची मेंबरशिप घ्यावी का? उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय

घाईत_आहे

नमस्कार मंडळी. वेळ कमी आहे, प्रस्तावना करत नाही. २५ तासांचं जेट कार्ड, म्हणजे उड्डाणाचे तास आधीच विकत घ्यायची मेंबरशिप, घ्यायचं की नाही, एवढंच सांगा. मध्यम आकाराचं जेट, तासाचा दर वर्षभर पक्का, पैसे सगळे आगाऊ. विक्रीवाला म्हणतो, उद्या सहानंतर दर वाढणार. ज्यांनी स्वतः वापरलंय किंवा ज्यांच्या कंपनीत आहे त्यांनीच लिहा. "मला दत्तक घ्या" हा विनोद करून झालाय असं समजा.

खारीचा_वाटा

दत्तक नको, निदान एकदा खिडकीजवळ बसवा.

हिशेबनीस

वर्षाला किती फेऱ्या? एका वेळचं उड्डाण किती मिनिटांचं? माणसं किती? त्याच दिवशी परत की मुक्काम? दिवसाचे किमान तास किती लावतात? न वापरलेल्या तासांचं काय होतं? यातलं काहीच न सांगता "घेऊ का" विचारणं म्हणजे डॉक्टरांना फोन लावून "गोळी घेऊ का" विचारणं झालं.

घाईत_आहे

फेऱ्या नऊ-दहा. उड्डाण ७० मिनिटांचं. बाकीच्याने काय फरक पडतो? कार्ड घेणं फायद्याचं आहे की नाही, हा साधा प्रश्न आहे.

मधुरा_म

कार्ड कशाला? मी एम्प्टी लेगवर दोनदा गेले आहे. विमान कुणाला तरी सोडून रिकामं परत जात असतं, ती फेरी ते पडत्या भावात विकतात. ब्रोकरच्या यादीत नाव घाला, रोज मेसेज येतात. लोक उगाच पूर्ण पैसे भरतात.

हिशेबनीस

मधुराताई, रिकामी फेरी त्यांच्या सोयीने सुटते, आपल्या नाही. मूळ गिऱ्हाइकाने बेत बदलला की आपलीही फेरी रद्द. शिवाय परतीचं काय? यांना नऊ-दहा वेळा जाऊन यायचंय, ठरलेल्या दिवशी.

मधुरा_म

माझी एकदाही रद्द झाली नाही.

हिशेबनीस

दोनदा गेलात ना.

मधुरा_म

अनुभव विचारला होता, अनुभव सांगितला. शिकवणी लावली नव्हती.

भागधारक

घाईतले, कार्डाच्या भानगडीत पडू नका, सरळ विमानाचा हिस्सा घ्या. १९८६ मध्ये रिचर्ड सँतुली यांनी ही पद्धत आणली. सोळाव्या हिश्श्याला साधारण वर्षाचे ५० तास मिळतात. आणि वॉरन बफे यांचा किस्सा ऐका. स्वतःच्या विमानाला त्यांनी 'इनडिफेन्सिबल', म्हणजे समर्थन न करता येण्याजोगं, असं नाव ठेवलं होतं. नंतर हिश्श्याने विमानं वापरायला लागले आणि १९९८ मध्ये ती कंपनीच, म्हणजे नेटजेट्स, ७२.५ कोटी डॉलरला विकत घेतली. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

हिशेबनीस

काय समजून घ्यायचं? बफेंनी दुकान विकत घेतलं. तुम्ही यांना गिऱ्हाईक व्हायला सांगताय. हिस्सा म्हणजे बहुतेक वेळा पाच वर्षांचा करार, वर मासिक व्यवस्थापन शुल्क, वर तासाचा दर, आणि शेवटी हिस्सा परत देताना विमानाची घसरलेली किंमत. यांना ५० तास लागतच नाहीत.

भागधारक

आज लागत नसतील. एकदा सवय लागली की लागतात.

खारीचा_वाटा

हा फायदा आहे की धोका?

रेखा_पां

आमच्या कंपनीत तीन वर्षं कार्ड होतं, बुकिंग मी करायचे. कंपनीचं नाव घेत नाही. जिथे खरा उपयोग झाला ते आधी सांगते. साहेब, दोन इंजिनिअर आणि एक वकील, चौघे एका दिवसात तीन ठिकाणी जाऊन रात्री घरी. नेहमीच्या विमानांनी त्याला तीन दिवस आणि दोन मुक्काम लागले असते. असे दिवस वर्षात पाच-सहा आले, तेव्हा कुणी तक्रार केली नाही.

त्रास झाला तो बारीक अक्षरांचा. पीक डेची यादी असते: सुट्ट्यांच्या आगेमागचे दिवस. त्या दिवशी अधिभार, चार-पाच दिवस आधी कळवायचं, आणि वर सुटायची वेळ ते तीन तास मागेपुढे करू शकतात. दुसऱ्या वर्षी यादी गुपचूप लांबली. थंडीत पंखांवरचं बर्फ काढायचं बिल वेगळं आलं, ते एकदा इतकं होतं की साहेबांना वाटलं मी शून्य जास्त टाकलं. पक्का दर म्हणजे फक्त तासाचा दर पक्का. बाकी सगळं हलतं.

घाईतले, तुम्ही कोणत्या वारी जाता?

घाईत_आहे

शुक्रवारी दुपारी जातो, रविवारी रात्री परत. मोठ्या सुट्ट्या धरून. करार आत्ता उघडला: पीक डे ४५, दिवसाला किमान २ तास. पण मी रोज थोडाच उडणार आहे, मग किमान तासांचा काय संबंध?

हिशेबनीस

आता आलं बाहेर. वहीत मांडा.

विक्रीवाल्याने तुम्हाला असं दाखवलं असणार: ७० मिनिटं म्हणजे १.१७ तास, २५ भागिले १.१७ म्हणजे २१ उड्डाणं, म्हणजे दहा फेऱ्या. बरोबर?

आता करारातलं. प्रत्येक उड्डाणाला जमिनीवर फिरण्याची १२ मिनिटं जोडायची पद्धत आहे, तुमच्या करारातही असेल. झाले ८२ मिनिटं, म्हणजे जवळपास १.४ तास. पण दिवसाला किमान २ तास आहेत, आणि तुम्ही शुक्रवारी एकच उड्डाण करता. खात्यातून दोन तास जाणार. रविवारी पुन्हा दोन. २५ तासांत १२ उड्डाणं, एक तास उरतो. दहा नाही, सहा फेऱ्या. उरलेल्या चार फेऱ्यांसाठी दुसरं कार्ड. सुट्टीचा अधिभार यात धरलेलाच नाही.

त्याच दिवशी परत आलात तर चित्र बदलतं, २.८ तास कापले जातील आणि किमान तासांची अट आडवी येणार नाही.

घाईत_आहे

दहा फेऱ्याच दाखवल्या होत्या. पीडीएफमध्ये हिरव्या रंगात.

हिशेबनीस

पैसे तुमचे की कंपनीचे? आणि शुक्रवार ते रविवार कसलं काम असतं?

घाईत_आहे

कंपनीचे. आम्ही दोघे भागीदार. कामाबद्दल हा धागा नाही.

हिशेबनीस

करवाले विचारतील तेव्हा त्यांनाही हेच सांगा. खासगी प्रवास कंपनीच्या खर्चात टाकलात तर तो बहुतेक देशांत तुमचं उत्पन्न धरला जातो. आणि भागीदाराला हे माहीत आहे ना?

खारीचा_वाटा

हिशेबनीस, हळू. माणूस पळून जाईल.

पायवाट

सगळे पैशांचंच बोलताय. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१९ ते २०२३ या काळात खासगी विमानांचं कार्बन उत्सर्जन ४६ टक्क्यांनी वाढलं, आणि त्यातली जवळपास निम्मी उड्डाणं ५०० किलोमीटरपेक्षा कमी अंतराची होती. ७० मिनिटांसाठी जेट? रेल्वेने जा.

भागधारक

रेल्वेने तुम्ही जा. धाग्याचा विषय काय, तुम्ही बोलताय काय.

पायवाट

"घ्यावं का" असं विचारलं आहे. "नको" हेही उत्तरच असतं.

घाईत_आहे

रेल्वे तिथे जात नाही. झालं समाधान?

मनीमाऊ

जरा वेगळा प्रश्न. खासगी विमानात मांजर केबिनमध्ये मोकळं सोडता येतं का? आमची पिंजऱ्यात फार ओरडते.

रेखा_पां

सोबत नेता येतं, पण आधी सांगावं लागतं आणि सफाईचा खर्च लावतात. उड्डाण आणि उतरताना पट्ट्यात किंवा पिंजऱ्यात. मोकळं सोडलंत तर ते सीटखाली शिरतं. आमच्याकडे कुत्रा शिरला होता, तीन माणसं पालथी पडून काढत होती.

हिशेबनीस

आगाऊ पैशांचं राहिलं. ते वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे कंपनीला परस्पर वापरता न येणाऱ्या तिऱ्हाइताकडच्या खात्यात, राहणार की कंपनीच्या रोजच्या खर्चात जाणार? करारात 'एस्क्रो' शब्द शोधा. सापडला नाही तर तुम्ही बिनतारण कर्ज देताय असं समजा. जेटसूट या खासगी जेट कंपनीने २०२० च्या एप्रिलमध्ये उड्डाणं थांबवून दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा लोकांचे आगाऊ पैसे आत होते. व्हील्स अप ही तशीच कंपनी २०२३ मध्ये रोकडीअभावी अडचणीत आली, तेव्हा डेल्टा एअरलाइन्स आणि इतर गुंतवणूकदारांनी ५० कोटी डॉलर घातले म्हणून तरली. कंपनी लहान असो की मोठी, प्रश्न तोच.

घाईत_आहे

शोधला. नाहीये. "निधी सर्वसाधारण व्यवसायासाठी वापरला जाऊ शकतो" असं आहे. पण विक्रीवाला म्हणतो की आजवर कुणाचे पैसे बुडाले नाहीत. आणि खरं सांगू का, पैशांपेक्षा मला मोठ्या विमानतळावरची ती दोन तासांची रांग नको आहे. तिथलं विमानतळ एवढंसं आहे, गाडी थेट विमानापाशी. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

जुना_पायलट

एवढंसं म्हणजे किती? धावपट्टी किती मीटर?

घाईत_आहे

१,२०० असेल. का?

जुना_पायलट

मग ते जेट तिथे उतरणार नाही.

घाईत_आहे

म्हणजे? मी स्वतः तिथे छोटं जेट उतरलेलं पाहिलंय. शेजाऱ्याचं आहे.

जुना_पायलट

शेजाऱ्याचं स्वतःचं आहे, तिथेच फरक आहे. मालक स्वतःच्या विमानाने जातो तेव्हा विमानाच्या पुस्तकातलं अंतर पुरलं की झालं. भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्या जेट ऑपरेटरला अमेरिकेत काय, युरोपात काय, उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत विमान थांबेल असं गणित निघण्याआधी दाखवावं लागतं. तुमच्या १,२०० चे ७२०. धावपट्टी ओली असणार असेल तर लागणारी लांबी आणखी १५ टक्क्यांनी वाढते. काही हलकी जेट कोरड्या दिवशी, कमी माणसांत जेमतेम बसतात. मध्यम आकाराचं विसरा. काही देशांत खास परवानगीने ही अट थोडी सैल होते, पण शुक्रवारी दुपारी पाऊस असताना त्या भरवशावर राहू नका.

विक्रीवाल्याने विमानतळाचं नाव विचारलं होतं का?

घाईत_आहे

नाही. खात्यात पैसे कधी येतील ते विचारलं होतं.

जुना_पायलट

मग उद्या त्याला एकच मेल करा. विमानतळाचं नाव घाला आणि लिहा, "या विमानाने, चार प्रवासी, ओली धावपट्टी, उतरू शकता का, लेखी कळवा." दर सहाला वाढतोय का ते त्यानंतर पाहू.

तुमच्यासारख्यांसाठी टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनावर पंखा फिरवणारं विमान, असतं. उदाहरणार्थ पिलाटस पीसी-१२, अशा धावपट्ट्यांवर ते रोज उतरतं. जेटला ७० मिनिटं लागतात तिथे याला पंचाण्णव-शंभर लागतील. तासाचा दर बराच कमी. दर फेरीला चार्टर करा, म्हणजे त्या फेरीपुरतं भाड्याने घ्या, आगाऊ काही अडकत नाही.

भागधारक

एका इंजिनाचं विमान सुचवताय? घरच्यांना घेऊन? मी तर बसणार नाही.

जुना_पायलट

नका बसू. युरोपने २०१७ मध्ये एका टर्बाइन इंजिनाच्या विमानांना रात्री आणि ढगांतून प्रवासी भाड्याने न्यायची परवानगी दिली, ती आकडे तपासूनच. दोन इंजिनं हवीत तर किंग एअर आहे. मी इंजिनांपेक्षा वैमानिक दोन आहेत का ते आधी विचारेन.

भागधारक

किंग एअर म्हणजे पंख्याचं विमान. लोक काय म्हणतील?

पायवाट

आता कळलं हिस्सा कशाला घेतलाय.

भागधारक

संपादक, याकडे लक्ष द्या.

मधुरा_म

टर्बोप्रॉपच्याही रिकाम्या फेऱ्या मिळतात बरं का.

घाईत_आहे

अपडेट. मेल केली. तीन तासांनी उत्तर आलं: "त्या ठिकाणासाठी आम्ही जवळच्या सोयीस्कर विमानतळावर सेवा देतो." ते सोयीस्कर विमानतळ ९० किलोमीटरवर आहे आणि तिथे तीच रांग आहे जिला कंटाळून मी हे सुरू केलं. आणखी एक, सहा वाजून गेले तरी दर वाढला नाही. उलट २ तासांचे किमान तास १.५ करून देतो म्हणाला.

हिशेबनीस

१.५ ने १६ उड्डाणं, आठ फेऱ्या. पण विमान ९० किलोमीटर लांब.

घाईत_आहे

हो ना. सही केली नाही. पायलटकाका, पीसी-१२ च्या ऑपरेटरला काय काय विचारायचं ते सांगता का? आणि भागीदाराला मी आधीच "झालं समज" असं सांगून बसलोय, त्याचं काय करू?

जुना_पायलट

ऑपरेटरचं परवानापत्र, विम्याची रक्कम, वैमानिक किती आणि त्या धावपट्टीवर आधी उतरलेत का. आर्गस किंवा वायव्हर्न या ऑपरेटरची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थांची तपासणी झाली असेल तर अहवाल मागा. ब्रोकर विमान बदलून देणार असेल तर आधी कळवेल, असं लिहून घ्या. भागीदाराचं मला जमणार नाही.

रेखा_पां

भागीदाराला धाग्याची लिंक पाठवा.

घाईत_आहे

लिंक नको. इथे शुक्रवार-रविवारचं लिहिलंय.

मनीमाऊ

पीसी-१२ मध्ये मांजर चालतं का?

वाटाड्या_७

पूर्ण धागा वाचला नाही, पण माझ्या मते जेट कार्ड उत्तम. माझ्या मेव्हण्याच्या साहेबांकडे आहे, फार खूश आहेत. तुम्ही वर्षाला साधारण किती फेऱ्या करता?