आबांच्या नावाने पोटविकार संशोधनाला पुरस्कार ठेवायचाय, कसं करावं?

होटगीरोडकर:
नमस्कार मंडळी, आमचे आबा मागच्या वर्षी गेले. अल्सरने फार छळलं त्यांना, घरात शेंगाचटणी अन् कडक भाकरी असायची आणि ते गुरगुट्या भात खायचे. आता आम्ही भावंडांनी ५ लाख काढलेत, पोटाच्या आजारांवर संशोधन करणाऱ्याला दरवर्षी स्मृती पुरस्कार द्यावा म्हणतोय. इथल्या सोलापूरच्या वैशंपायन मेडिकल कॉलेजला देता येईल का? काका म्हणतात हॉल घेऊ, आमदार बोलवू, शाल-श्रीफळ देऊ.

पेठेतला:
हॉल कशाला ओ? ५ लाखाच्या एफडीला ७ टक्के धरले तरी वर्षाला ३५ हजार. हॉल, हार, जेवणं झाल्यावर संशोधकाच्या हातात नारळच की.

रेसिडेंट_ताई:
मी एमडी मेडिसिन करतेय. थीसिस सगळ्यांनाच असतो, पण पैसा लागतो तो सुरुवातीला, आणि बक्षीस मिळतं सगळं झाल्यावर. एच. पायलोरीचंच घ्या, म्हणजे जठरात राहून अल्सर करणारा जंतू, एंडोस्कोपीत जठराचा बारीकसा तुकडा काढून युरियाच्या किटवर ठेवायचा, जंतू असला की पिवळ्याचं गुलाबी होतं. हे सोपंय. पण पेशंटने आधी दोन आठवडे ॲसिडिटीच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या बंद ठेवायला लागतात, नाहीतर जंतू असून टेस्ट निगेटिव्ह येते, मग फोन करा, परत बोलवा, अन् अक्कलकोट-मंगळवेढ्याहून येणाऱ्या माणसाचं गाडीभाडं कोण देणार? एथिक्स कमिटीची (पेशंटवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती) मंजुरी आली की अर्धे पैसे द्या, काम पूर्ण झाल्यावर उरलेले.

जुनाखोड:
ताईंशी सहमत. आणि 'यशस्वी संशोधन' अशी अट अजिबात घालू नका, काही सापडलं नाही हेही नीट लिहिलं तर कामाचंच असतं. पुरस्कारांचं तसंही काही खरं नाही, कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून कॉलऱ्याचं विष दाखवलं १९५९ ला, नोबेल नाही ते नाहीच. ऑस्ट्रेलियाचा डॉक्टर बॅरी मार्शल, अल्सर जंतूमुळे होतो हे कोणी मानेना म्हणून १९८४ ला ते पायलोरीचे जंतू स्वतः प्यायला, पोट बिघडवून घेतलं, तेव्हा कुठे लोक ऐकायला लागले, आणि सहकारी रॉबिन वॉरनबरोबर नोबेल मिळालं २००५ ला!

होटगीरोडकर:
काकांना सगळं वाचून दाखवलं. हॉल कॅन्सल. शालीऐवजी सोलापुरी चादर तरी देऊच म्हणतायत, म्हटलं द्या, पण तुमच्या खिशातून, एफडीला हात नाही. ताई, अर्ज डीन ऑफिसला द्यायचा की आधी मेडिसिनच्या एचओडींना (विभागप्रमुखांना) भेटू?

रेसिडेंट_ताई:
आधी एचओडी. आणि अटी लेखी घेऊन जा.