मदत हवी आहे: नेपल्सला मुक्काम, सोबत आई. पाँपेई, व्हेसुव्हियस आणि आसपासच्या एकदिवसीय सहली कशा आखाव्यात?

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात इटलीत नेपल्सला जातोय. नवऱ्याचं तिथे काम आहे, ते झाल्यावर चार दिवस मोकळे मिळतात. सोबत माझी आई आणि नववीतली लेक. मुक्काम नेपल्समध्येच, गारिबाल्दी स्टेशनजवळ. रोज सकाळी निघायचं, संध्याकाळी परत यायचं. बॅगा घेऊन गावं बदलत फिरणं आईला झेपणार नाही.

हा प्रवास खरं तर आईसाठीच आहे. तिने आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. ज्वालामुखीचा छेद फळ्यावर काढून शंकू, विवर, लाव्हा, राख असं सगळं समजावलं, पण आपल्याकडचा ज्वालामुखीचा दगड म्हणजे दख्खनचा काळा बसाल्ट, आणि तो भेगांमधून वाहत आलेल्या लाव्हाचा. शंकू असलेला ज्वालामुखी तिने कधी पाहिलेला नाही. व्हेसुव्हियस पाहायचाच, असं तिने पासपोर्ट काढतानाच सांगून ठेवलंय.

अडचण तिच्या गुडघ्यांची. सपाटीवर मध्ये बसत बसत दोन-तीन तास आरामात चालते. चढही हळूहळू जमतो. उतार आणि उंच पायऱ्या मात्र त्रास देतात.

हॉटेलवाल्यांकडून आणि ऑनलाइन सगळीकडे एकच पॅकेज पुढे येतंय: एका दिवसात पाँपेई, व्हेसुव्हियस आणि वर सोरेंतोचा किनारा. त्यात पाँपेईला जेमतेम दोन तास. व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं ६६ हेक्टरांचं शहर दोन तासांत काय दिसणार? मला हे नको आहे. दिवसाला एकच ठिकाण, पण नीट, असं डोक्यात आहे. यादी मात्र वाढत चाललीय: पाँपेई, तसंच गाडलं गेलेलं हर्क्युलेनियम, व्हेसुव्हियस, पोत्स्वोलीचे ते भोकं पडलेले खांब, पेस्टमची ग्रीक मंदिरं, शिवाय नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय. चार दिवसांत यातलं काय ठेवावं आणि काय निर्धास्तपणे गाळावं?

व्हेसुव्हियसच्या विवरापर्यंत आईला नेणं शक्य आहे का? पाँपेईच्या दगडी रस्त्यांवर तिचे पाय टिकतील का? लोकल ट्रेनने जावं की गाडी करावी? ज्येष्ठांना घेऊन प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल. आई अंडंही खात नाही, तेव्हा जेवणाबद्दलही सांगा.

---

कातळवाट

आधी व्हेसुव्हियस. उंची १,२८१ मीटर, पण गाडी साधारण १,००० मीटरपर्यंत जाते. तिथून विवराच्या कडेपर्यंतची वाट रुंद आहे, पायऱ्या नाहीत, पण चढ सलग आहे आणि पायाखाली भुसभुशीत राख-खडी. वर जाताना दम लागतो, खरी परीक्षा उतरताना होते, पाय घसरतो. तुम्ही उताराचं लिहिलंय म्हणून स्पष्ट सांगतो, आईंना कडेपर्यंत नेण्याचा आग्रह धरू नका. सुरुवातीला काठ्या मिळतात. त्या घेऊन पहिल्या वळणापर्यंत गेल्या तरी अख्खा नेपल्सचा उपसागर समोर येतो.

भूगोलाच्या शिक्षिकेला बघण्यासारखं बरंचसं विवराच्या आधीच आहे. बस चढत असताना रस्त्याकडेला १९४४ च्या उद्रेकाचा लाव्हा दिसतो. तो शेवटचा उद्रेक, दुसरं महायुद्ध चालू असताना झालेला. त्या लाव्हावर राखाडी दगडफुलाचा थर चढलाय. नव्या कातळावर पहिला जीव कसा रुजतो, हे तिथे डोळ्यांना दिसतं. वाटेत जुनी वेधशाळाही लागते. तिची स्थापना १८४१ ची, ज्वालामुखींच्या अभ्यासासाठी उभारलेली ही जगातली सर्वांत जुनी वेधशाळा. आणि मागे अर्धवर्तुळाकार दिसते ती मोंते सोम्माची कड, म्हणजे जुन्या, मोठ्या ज्वालामुखीचा उरलेला काठ. आजचा शंकू त्याच्या आत उभा राहिलाय. हे आईंना बसमधून दाखवा, त्या स्वतःच पुढचं समजावतील.

तिकीट ऑनलाइनच आणि वेळ ठरवून काढावं लागतं. वर फाटकापाशी तिकीटखिडकी नाही आणि मोबाइलला रेंजही धड मिळत नाही, म्हणून घरूनच काढा. नोव्हेंबर हा तिथल्या सर्वांत पावसाळी महिन्यांपैकी एक. हवा बिघडली की वाट बंद करतात. त्यामुळे व्हेसुव्हियस शेवटच्या दिवसावर ठेवू नका. लवकर ठेवा, म्हणजे हुकला तर पुढे ढकलता येईल.

पोत्स्वोली मात्र गाळू नका, हे माझं ठाम मत. तिथल्या रोमन बाजारपेठेत संगमरवराचे तीन खांब उभे आहेत. जमिनीपासून साधारण साडेतीन मीटरवर त्यांना बारीक भोकांचा एक पट्टा आहे. ती भोकं दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांची. म्हणजे जमीन खाली गेली, खांब समुद्रात बुडाले, आणि नंतर जमीन पुन्हा वर आली, तेही खांब न पडता. चार्ल्स लायेल यांनी १८३० मध्ये भूशास्त्रावरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात सुरुवातीलाच या खांबांचं चित्र छापलं, ते याच कारणाने. ही हालचाल आजही चालू आहे. १९८२ ते १९८४ या काळात तिथली जमीन जवळपास १.८ मीटर उचलली गेली, बंदरातलं पाणी उथळ झालं. २००५ पासून ती पुन्हा हळूहळू वर येतेय आणि अधूनमधून भूकंपाचे धक्केही बसतात. निघण्याआधी त्या आठवड्याच्या बातम्या पाहून घ्या.

खांब कुंपणाबाहेरून छान दिसतात, तिकीट लागत नाही, जागा सपाट. जवळचं सोल्फातारा विवर २०१७ च्या दुर्घटनेनंतर पर्यटकांना बंद आहे, जुनी प्रवासवर्णनं वाचून तिथे जाऊ नका.

---

सांजवेळ

सासूबाईंना घेऊन पाँपेई केलंय, त्यावरून सांगते. आत्ताच लिहून ठेवा: गारिबाल्दीहून सोरेंतोच्या दिशेची लोकल धरायची आणि पाँपेई स्कावी – विल्ला देई मिस्तेरी या स्टेशनावर उतरायचं. पाँपेई नावाची आणखी स्टेशनं आहेत, ती वेगळ्या मार्गांवर. साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. गाडी जुनी आणि गर्दीची असते, आईंना बसायला मिळावं म्हणून एक स्टेशन आधी, पोर्ता नोलानाला, जाऊन चढा. गाडी तिथूनच सुटते. पर्स पुढे धरा.

या स्टेशनासमोरचं पोर्ता मरीना हे प्रवेशद्वार चढणीचं आणि गुळगुळीत दगडांचं आहे. आईंसाठी ते नको. पियात्सा अँफितियात्रोच्या बाजूने आत जा. तिथून व्हीलचेअर आणि बाबागाड्यांसाठी आखलेला तीन किलोमीटरहून लांब सोपा मार्ग सुरू होतो. बाकीच्या रस्त्यांवर मोठमोठे ओबडधोबड दगड आहेत, पदपथ उंच आहेत, आणि रस्ता ओलांडायला मध्ये दगडी ठोकळे ठेवलेत. ते पाहायला सुंदर, गुडघ्यांना वाईट. पावसात तर निसरडे.

थंडीच्या वेळापत्रकात पाँपेई पाचला बंद होतं, शेवटचा प्रवेश साडेतीनला. नऊला दारात हजर राहा. तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. मोठ्या सॅक आत नेऊ देत नाहीत. पिण्याचं पाणी आत नळांना मिळतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो आणि प्रचंड गर्दी, पण तुमच्या तारखा त्यात येत नाहीत, ते बरंच झालं.

गाइड घ्याच. तेवढा खर्च करा. एरवी दोन तासांनी सगळ्या भिंती सारख्या दिसायला लागतात.

---

धागाकर्ती

कातळवाट, सांजवेळ, मनापासून आभार. आईला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. ती खांबांच्या भोकांवरच अडकलीय, विवराचं नावही काढत नाही. पोत्स्वोली नक्की.

आता प्रश्न पाँपेई की हर्क्युलेनियम, की दोन्ही? आणि संग्रहालयासाठी दिवस राखावा का? आईचं माहेर तेरजवळ आहे. पाँपेईत सापडलेली हस्तिदंती मूर्ती तिथे ठेवलीय आणि तिचं तेरशी नातं आहे, असं तिने पूर्वी कुठेतरी वाचलं होतं. त्याबद्दल कुणाला माहीत आहे का?

---

तेरणाकाठ

तुमच्या आईंनी बरोबर वाचलंय. ही मूर्ती १९३८ मध्ये पाँपेईतल्या एका घरात सापडली. उंची साधारण २४ सेंटिमीटर. दागिन्यांनी मढलेली स्त्री, दोन्ही बाजूंना छोट्या सेविका. लोक तिला ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण ती लक्ष्मीच असेल असं नाही. अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. डोक्यापासून खाली भोक आहे, म्हणून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी असे अंदाज आहेत.

तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती आपल्याकडे भोकरदनला आणि तेरला मिळाल्यात. तेरची मूर्ती तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. त्यामुळे ती कुठे घडली यावर एकमत नाही. पण व्हेसुव्हियसचा उद्रेक इ. स. ७९ चा, म्हणजे मूर्ती त्याआधी इथून तिथे पोचली, एवढं पक्कं. त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी व्यापार-मार्गदर्शिकेत भरूच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असं लिहिलंय. या बाजारांतला माल गाड्यांनी भरूचला जायचा.

आणि पोत्स्वोलीला जाताय तर हेही ऐका. रोमन काळात त्याचं नाव पुतेओली, आणि पूर्वेकडचा माल घेऊन अलेक्झांड्रियाहून येणारी जहाजं लागायची ती याच बंदरात. आपल्याकडचं कापड, मिरी, हस्तिदंत याच धक्क्यावर उतरत असणार. ज्या खांबांमध्ये कातळवाट यांना जमिनीची हालचाल दिसते, ते त्या बंदरगावच्या बाजाराचे खांब आहेत. आईंना दोन्ही गोष्टी एकाच जागी मिळतील.

संग्रहालय मंगळवारी बंद असतं. मूर्ती ‘गुप्त दालन’ नावाच्या विभागात आहे. तिथे बाकी बहुतेक वस्तू कामविषयक आहेत, लेक आणि आई दोघी सोबत आहेत म्हणून आधीच सांगून ठेवतो. अशा वस्तू कधी कधी बाहेरच्या प्रदर्शनांना पाठवतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी मूर्ती जागेवर आहे का, ते विचारा. पाँपेईची बहुतेक उत्तम भित्तिचित्रं आणि मोझाइकही इथेच आहेत. म्हणून संग्रहालय पाँपेईच्या आधी करा. मग रिकाम्या भिंती पाहताना त्यांवर काय होतं ते आठवेल.

---

दगडधोंडे

हर्क्युलेनियम गाळून पेस्टम करा असं मी म्हणेन. नेपल्स सेंत्रालेहून ट्रेनने तासाभरापेक्षा थोडं जास्त. मैदान सपाट, गर्दी कमी, आणि इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकातली डोरिक या ग्रीक शैलीची तीन मंदिरं जवळजवळ उभीच्या उभी. गावाचं मूळ ग्रीक नाव पोसेइडोनिया, समुद्रदेव पोसायडनवरून. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ज्याची काशाची मूर्ती सापडली, तोच हा पोसायडन. परतीच्या गाड्या थोड्या असतात, वेळापत्रक आधी पाहा.

---

कातळवाट

पेस्टम सुंदर आहे यात वाद नाही, पण या कुटुंबासाठी हर्क्युलेनियमच. कारण भूगोल. जुन्या समुद्रकिनाऱ्याच्या पातळीवर उभं राहिलं की समोर ज्वालामुखीच्या राखेची आणि दगडाची जवळपास वीस मीटर उंच भिंत दिसते, आणि तिच्यावर आजचं एर्कोलानो गाव. शहर किती खोल गाडलं गेलं, हे सांगायला आकृतीच नको. पाँपेईवर दगड-राखेचा पाऊस पडला, छपरं कोसळली. इथे तप्त वायू आणि राखेचे लोट आले आणि लाकूड जळून न जाता कोळसा होऊन टिकलं: दारं, तुळया, पलंग, पाळणासुद्धा. किनाऱ्यावरच्या होड्या ठेवायच्या कमानींखाली सुमारे तीनशे माणसांचे सांगाडे मिळाले. तिथे लेकीचा हात धरा.

जागा लहान आहे, अडीच-तीन तास पुरतात. स्टेशनापासून सरळ उतरत जाणारा रस्ता, दहा मिनिटं. येताना तोच चढ, म्हणजे आईंना उलट बरं. जाताना टॅक्सी करा. व्हेसुव्हियसच्या बस एर्कोलानो स्टेशनासमोरूनच सुटतात, म्हणून ही दोन ठिकाणं एका दिवसात जमतात. दिवसाला एकच ठिकाण हा तुमचा नियम इथे मोडावा लागेल. पण डोंगर आणि त्याने गाडलेलं गाव हे एकच ठिकाण आहे असं मी मानतो. सकाळी डोंगर, दुपारी गाव.

---

सांजवेळ

जेवणाचं राहिलं. मारिनारा पिझ्झावर चीजही नसतं, नुसतं टोमॅटो, लसूण, ओरेगानो. सुका पास्ता बिनअंड्याचा असतो, ताजा असेल तर विचारायचं. ‘सेन्झा उओवा’ म्हणजे अंडं नको. वांग्याची पार्मिजाना आईंना आवडेल, पण काही ठिकाणी वांगं अंड्यात घोळवून तळतात, तेही विचारा. पाँपेईच्या दिवशी मात्र दशम्या आणि चटणी घेऊनच निघा, बाहेर येऊन जेवण्यात दिवसाचा उजेड जातो. पावणेपाचला अंधारतं.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. हे असं ठरतंय:

पहिला दिवस सकाळी व्हेसुव्हियस, दुपारी हर्क्युलेनियम. आई पहिल्या वळणापर्यंत, लेक आणि तिचे बाबा विवरापर्यंत. हवा बिघडली तर व्हेसुव्हियस पुढे जाईल. दुसरा दिवस संग्रहालय, तो मंगळवार नाही हे तपासलं. तिसरा पूर्ण पाँपेई, अँफितियात्रोच्या बाजूने, गाइडसह. चौथा पोत्स्वोली, संध्याकाळ मोकळी. पेस्टम या वेळी नाही. दगडधोंडे, वाईट वाटतंय, पण आईचे पाय पाहता हेच योग्य.

संग्रहालयाला मूर्तीबद्दल मेल केलीय, उत्तर आलं की इथेच लिहीन.

एक शेवटचं. पोत्स्वोलीला मेट्रोने जावं की कुमाना लोकलने? मेट्रोचं स्टेशन टेकडीवर दिसतंय नकाशात.

---

कातळवाट

कुमाना. मोंतेसांतोहून बसा, पोत्स्वोली स्टेशन बंदराजवळ आहे, खांब तिथून पायी अगदी जवळ आणि वाट सपाट. मेट्रोने उतरलात तर आईंना सगळा उतार चालावा लागेल.