मदत हवी आहे: मिथाइलफेनिडेटच्या इतिहासातला गोंधळ

औषधांच्या इतिहासावरच्या लेखात मिथाइलफेनिडेटपाशी, म्हणजे चंचल मुलांना देतात त्या उत्तेजक औषधापाशी, गाडं अडलंय. टिपणांत डॉक्टर चार्ल्स ब्रॅडलीचा मुलांवरचा प्रयोग १९३७चा आहे आणि औषधाचा शोध १९४४चा. सनावळी उलटी कशी? शिवाय उत्तेजक देऊन चंचल मूल शांत होतं, याला 'उलटा परिणाम' म्हणू का? आणि दिवसभर चालणारी गोळी म्हणजे नुसता मोठा डोस का?

खलबत्ता:
दोन औषधांची गल्लत झाली आहे. ब्रॅडलीने दिलं ते बेंझेड्रीन, म्हणजे अँफेटामीन, हे दुसरं उत्तेजक. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या त्याच्या रुग्णालयात मुलांच्या पाठीतून मेंदूभोवतालचा द्रव काढून, हवा भरून एक्स-रे घेत. त्याने डोकं भयंकर दुखे. द्रव लवकर भरून यावा म्हणून हे औषध. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण ३० पैकी १४ मुलांचा अभ्यास एकदम सुधारला. मुलं त्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणत.

मिथाइलफेनिडेट १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या सीबा कंपनीत लेआंद्रो पानिझोनने बनवलं. बायको रीटा, म्हणून रिटालिन. १९५४ पासून बाजारात. तेव्हाचे उपयोग: थकवा, नैराश्य, नार्कोलेप्सी (दिवसा अनावर झोप येण्याचा आजार), बार्बिट्युरेट या झोपेच्या औषधांच्या विषबाधेत शुद्धीवर आणायला इंजेक्शनही. १९५०च्या दशकाअखेर इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध आलं आणि नैराश्यातली त्याची जागा गेली. मुलांसाठीचा वापर १९६०च्या दशकात वाढला. 'एडीएचडी' (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) हे नाव मात्र १९८७चं. जुन्या काळाबद्दल लिहिताना ते वापरू नका.

अर्धमात्रा:
'उलटा परिणाम' खोडा. १९७८ साली मनोविकारतज्ज्ञ जूडिथ रॅपोपोर्ट यांनी कसलाही त्रास नसलेल्या मुलांना डेक्स्ट्रोअँफेटामीन (अँफेटामीनचाच एक प्रकार) देऊन पाहिलं. त्यांचीही वळवळ कमी झाली, लक्ष वाढलं. म्हणजे मूल शांत झालं यावरून निदान पक्कं होत नाही. (हा गैरसमज अजून हटत नाही!) मिथाइलफेनिडेट डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही मेंदूतली निरोप नेणारी रसायनं पेशीत परत ओढली जाणं रोखतं. अँफेटामीन त्याशिवाय साठा बाहेरही काढतं.

प्रश्नकर्ता: आणि गोळीचं?

खलबत्ता:
साध्या गोळीचा अर्धायुकाल (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) २ ते ३ तास, म्हणून सकाळ-दुपार असे डोस. मेणात बसवलेली जुनी गोळी औषध संथ, एकसारखं सोडायची. तिचा परिणाम दिवस चढेल तसा फिका पडे, कारण शरीर त्याच दिवसात सरावतं. मग पातळी चढती ठेवायचं ठरलं. २०००ची कॉन्सर्टा ही मिथाइलफेनिडेटची दिवसभराची गोळी पाहा: १८ मिग्रॅपैकी ४ मिग्रॅ बाहेरच्या थरात, लगेच सुटणारं. उरलेलं १४ आत. पाणी शिरलं की फुगणारा थर ते लेसरने पाडलेल्या छिद्रातून हळूहळू ढकलतो. फोडली किंवा चावली की सगळं एकदम सुटतं. रिकामं टरफल शौचात दिसतं, तेव्हा औषध वाया गेलं असं समजू नये.

अर्धमात्रा:
उशिरा घेतली तर झोप उडते. भूक एरवीही मरते. म्हणून मुलांची उंची-वजन बघतात, आणि डोस बदलताना नाडी, रक्तदाबही. एमएओ रोधक या नैराश्यावरच्या जुन्या गटातलं औषध थांबवल्यावर १४ दिवस हे देत नाहीत. लेखात ही ओळ गाळू नका.