अमेरिकेतून आणलेल्या रिसीव्हरवर जळगाव आकाशवाणी धड का लागत नाही?

चोपडेकर (प्रश्न)

नमस्कार. माझे थोरले बंधू न्यू जर्सीहून कायमचे परत आले, तेव्हा त्यांनी तिथे पंधरा-सोळा वर्षे वापरलेला स्टिरिओ रिसीव्हर सोबत आणला. तो आता चोपड्याला आमच्या बैठकीत आहे. १२० व्होल्टचा सेट असल्यामुळे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला आहे आणि सीडीवरची गाणी त्यावर अतिशय सुरेख वाजतात. अडचण फक्त रेडिओची आहे. आईला सकाळी जळगाव आकाशवाणी ऐकल्याशिवाय करमत नाही. ते केंद्र मध्यम लहरींवर ९६३ किलोहर्ट्झला लागते, पण या सेटवर बटण दाबले की आकडा ९६० वरून थेट ९७० वर जातो. ९६० वर आवाज येतो खरा, मात्र निवेदक तोंडावर उपरणे धरून बोलत असावा असा तो दबलेला असतो आणि प्रत्येक ‘स’ व ‘श’ फाटतो. शेजारच्या कोनाड्यात आईचा सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर आहे, त्यावर हेच केंद्र स्वच्छ ऐकू येते. गंमत म्हणजे रात्री ८१० वर दूरचे राजकोट या रिसीव्हरवर अगदी नीट लागते.

शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने सेट उघडूनही न पाहता ‘ट्यूनरचा भाग गेला’ असे सांगितले आणि जो खर्च सांगितला, त्यात दुसरा सेट येईल. एफएमवर जळगावची केंद्रे लागतात, परंतु मागे सतत सळसळ असते आणि ‘स्टिरिओ’चा दिवा लुकलुकत राहतो. खरोखर काही बिघडले आहे का?

भुसावळचा जुना कारागीर

आपला सेट बिघडलेला नाही, आणि त्याचा पुरावा आपणच राजकोटच्या रूपाने दिला आहे.

भारतात मध्यम लहरींवरील केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात आणि त्यामुळे त्यांचे आकडे ९ च्या पाढ्यात बसतात. जळगावचे ९६३ म्हणजे १०७ नवे, पुण्याचे ७९२ म्हणजे ८८ नवे, मुंबईच्या अस्मिता वाहिनीचे ५५८ म्हणजे ६२ नवे. अमेरिकेत हेच अंतर १० किलोहर्ट्झचे आहे, म्हणून तिकडच्या बाजारासाठी बनवलेला सेट ५३०, ५४०, ५५० अशा दहाच्या उड्या मारत जातो. दोन्ही पाढे फक्त ९० च्या पटीत एकमेकांना भेटतात, आणि ८१० हा आकडा नेमका तिथे बसतो. राजकोटचे भाग्य एवढेच! जळगावला मात्र आपला सेट ३ किलोहर्ट्झ अलीकडे थांबतो. केंद्राच्या लहरीच्या दोन्ही अंगांना आवाजाचा भाग पसरलेला असतो, त्यातला एका बाजूचा बराचसा भाग सेटच्या गाळणीत कापला जातो. निवेदक दबून बोलतो आणि ‘स’ फाटतो, तो यामुळे. आईंच्या ट्रान्झिस्टरला आकड्यांचे बंधन नाही, त्याची फिरकी हवी तिथे थांबते.

आता उपाय. वेगवेगळ्या देशांत विकायच्या अनेक सेटना हे अंतर बदलण्याची सोय दिलेली असते. सेटची वायर काढून मागची बाजू पाहावी. अँटेनाच्या जोडण्यांजवळ एखादी बारीक सरकपट्टी आणि तिच्याशेजारी ९ व १० हे आकडे दिसले, तर ती ९ कडे सरकवावी. पट्टी नसेल, तर काही मॉडेलमध्ये पुढची ठरावीक दोन बटणे दाबून धरत सेट चालू करावा लागतो. ती कोणती, हे प्रत्येक मॉडेलचे वेगळे असल्यामुळे माहितीपुस्तिकेतूनच पाहावे, अंदाजाने बटणे दाबत बसू नये. केवळ अमेरिकेसाठी काढलेल्या काही सेटमध्ये ही सोयच नसते, तसे निघाले तर मध्यम लहरींचा नाद सोडून ट्रान्झिस्टरचा आवाज रिसीव्हरच्या ‘ऑक्स’मध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज घेणाऱ्या जोडणीत, द्यावा, हे मी अनुभवाने सांगतो. अंतर बदलले की साठवलेली केंद्रे बहुधा पुसली जातात, म्हणून हे काम आधी करावे आणि केंद्रे नंतर साठवावीत.

हीच पट्टी पुष्कळदा एफएमचा टप्पाही बदलते. काही अमेरिकन सेट एफएमवर ०.२ मेगाहर्ट्झच्या उड्या मारतात आणि ९१.१, ९१.३ असे विषम दशांशच पकडतात. आपल्याकडे सम दशांशावरही केंद्रे असतात, ती अशा सेटवर निसटतात.

अमळनेरहून एक श्रोता

मध्यम लहरींचे वरती सविस्तर आलेच आहे, मी एफएमच्या सळसळीबद्दल लिहितो. स्टिरिओ ऐकण्यासाठी मोनोपेक्षा (दोन्ही स्पीकरवर एकच आवाज) बरीच जोरदार लहर लागते. दिवा लुकलुकतो याचा अर्थ लहर काठावर आहे. तात्पुरता उपाय म्हणजे मोनो निवडणे. बहुतेक रिसीव्हरवर ट्यूनिंग ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर नेले की आवाज आपोआप मोनो होतो आणि सळसळ लक्षणीय उतरते. गाण्याला मोनो थोडे उणे वाटेल, बातम्यांना काहीच फरक पडत नाही.

कायमचा उपाय अँटेनाचा आहे. सेटसोबतची वायर मागे गुंडाळून ठेवली असेल, तर ती प्रथम सोडवा. ‘टी’ आकाराची वायर असेल तर तिचे दोन्ही हात प्रत्येकी सुमारे ७५ सेंटिमीटर ताणून भिंतीवर आडवे लावावेत. जळगाव चोपड्याच्या आग्नेयेला आहे, म्हणून वायरची टोके ईशान्य आणि नैर्ऋत्य दिशांना हवीत. घर धाब्याचे, जाड मातीच्या भिंतींचे असेल तर खिडकीजवळची भिंत निवडावी. गच्चीवर अँटेना नेता आली तर सर्वांत उत्तम.

मध्यम लहरींच्या चौकटीसारख्या अँटेनाला उलटा नियम लागू पडतो. तिचा चेहरा जळगावकडे केला तर आवाज सर्वांत क्षीण होतो. तिची कड जळगावकडे हवी. तिला रिसीव्हरच्या डोक्यावर ठेवू नये, हातभर दूर ठेवावी.

धुळेकर

ट्रान्सफॉर्मर किती वॉटचा आहे, हे एकदा तपासावे. सेटच्या मागे लिहिलेल्या आकड्याच्या दुपटीच्या आसपास असलेला बरा, कारण १०० वॉटचा छोटा ठोकळा जोरात गाणी लावल्यावर तापतो. भारनियमनाच्या दिवसांत सेट बराच काळ बंद राहिला तर साठवलेली केंद्रे पुसली जाऊ शकतात, तेव्हा आकडे एका कागदावर लिहून सेटखाली सरकवून ठेवावेत.

चोपडेकर

सर्वांचे मनापासून आभार. पट्टी सापडली! अँटेनाच्या जोडणीखाली तांदळाच्या दाण्याएवढी काळी खाच होती आणि तिच्यावर दुकानाचे जुने लेबल चिकटलेले होते. नखाने ती हलेना, शेवटी काडेपेटीच्या काडीने सरकवली. सेट चालू केल्यावर आकडा ९५४ वरून ९६३ वर आला आणि आईने स्वयंपाकघरातूनच ‘आता लागलं’ असे सांगितले. ज्या दुरुस्तीवाल्याने सेट उघडलाही नव्हता, त्याच्याकडे पुन्हा गेलो नाही.

चौकट अँटेना खिडकीकडे नेली, तरी एक बारीक गुणगुण उरली होती. एकेक उपकरण बंद करत गेलो, तेव्हा ती कोपऱ्यातल्या एलईडी दिव्याची निघाली, तो बदलला. एफएमची वायर मात्र अजून टाचणीने पडद्यालाच लटकते आहे, कारण भिंतीत खिळा ठोकायला बंधूंची परवानगी मिळालेली नाही. तोवर मोनोवर ऐकतो आहे. धुळेकरांच्या सूचनेप्रमाणे आकड्यांचा कागद लिहिला आहे, पण तो सेटखाली न ठेवता आईने आपल्या ट्रान्झिस्टरच्या कव्हरात ठेवला आहे.