मदत हवी आहे: गेटवे 100 देऊन गप्प बसतो, कॉल दुसऱ्या गेटवेवर जातच नाही

नमस्कार मंडळी,

समोर कामाइलिओ (इंटरनेटवरचे फोन कॉल वळवणारा एसआयपी सर्व्हर), मागे दोन गेटवे (कॉल टेलिफोन लाइनवर नेणारी यंत्रं): एक मुख्य, एक राखीव. कामाइलिओचा डिस्पॅचर हा भाग दर 10 सेकंदांनी दोघांना ऑप्शन्स ('चालू आहेस का?' विचारणारा संदेश) पाठवतो. मुख्य गेटवेची नेटवर्क केबल काढली की कॉल राखीववरून जातो, 503 (सेवा उपलब्ध नाही) आला तरी जातो. 486 आला तर समोरचा खरंच दुसऱ्या कॉलवर आहे, म्हणून तो तसाच परत देतो.

परवा मुख्य गेटवेमागची पीआरआय (टेलिफोन कंपनीची डिजिटल) लाइन गेली. गेटवे मात्र चालूच, ऑप्शन्सना 200 (ठीक आहे) देतोय. ट्रेसमध्ये (संदेशांच्या नोंदीत) 11:42:07 ला इन्व्हाइट (कॉलची विनंती), त्याच सेकंदाला 100 ट्रायिंग. पुढची ओळ थेट 11:42:31 ची, कॅन्सल. फोन करणाऱ्याने वाट पाहून ठेवून दिला. या यंत्रणेवरून रात्रपाळीच्या नर्स डॉक्टरांना फोन लावतात, तेव्हा 24 सेकंदांची शांतता अजिबात चालणार नाही.

एफआर टायमर (काहीच उत्तर आलं नाही तर किती थांबायचं) 30 वरून 3 सेकंदांवर आणला, काहीच फरक नाही. मग एफआर इन्व्ह टायमर (तात्पुरतं उत्तर आल्यावर अंतिम उत्तरासाठी किती थांबायचं) 120 वरून 8 केला, तर नीट वाजणारे कॉलही आठव्या सेकंदाला तुटून राखीववरून पुन्हा वाजू लागले. गेटवे अडकलाय की समोरचा उचलत नाहीये, हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद

100 चा अर्थ 'इन्व्हाइट मिळाला, पुन्हा पाठवू नका' एवढाच. पलीकडे लाइन आहे की नाही, ते त्यातून कळत नाही. कुठलाही 1xx (तात्पुरतं उत्तर, 100 सुद्धा) आला की कामाइलिओ एफआर सोडून एफआर इन्व्ह टायमर धरतो, म्हणून तुमचे 3 सेकंद लागू झालेच नाहीत.

कॉल पाठवण्याआधी टी_सेट_एफआर या फंक्शनने इन्व्ह टायमर लहान ठेवा आणि ऑनरिप्लाय राउटमध्ये (उत्तर आल्यावर चालणारा कोड) 180 (घंटी वाजतेय) किंवा 183 (कॉल पुढे सरकतोय) दिसला की तिथेच 120 सेकंद करा. चालू ट्रान्झॅक्शनला ते लगेच लागतं. आकडे मिलिसेकंदांत द्यायचे, इथे बरेच जण फसतात. फेल्युअर राउटमध्ये (कॉल फसल्यावर चालणारा कोड) आधी कॉल कॅन्सल झालाय का ते बघा, नाहीतर माणसाने फोन ठेवल्यावर राखीववरून घंटी वाजेल. किती लहान, ते तुमच्याच लॉगवरून ठरवा: 180 यायला जास्तीत जास्त किती वेळ लागतो?

धागाकर्ता

मनापासून आभार! लॉगमध्ये 180 सर्वात उशिरा सातव्या सेकंदाला दिसला, म्हणून 10000 ठेवले. पीआरआय काढून पाच कॉल केले, पाचही राखीववरून वाजले. नीट वाजणारे कॉल आता तुटत नाहीत.

एक शंका उरली. आमचा राखीव गेटवे लाइन मिळण्याआधीच 183 पाठवतो, म्हणजे तिथे हा उपाय फसणार. ते 183 बंद करता येतं, की तो गेटवे असेल तेव्हा फक्त 180 लाच टायमर वाढवू? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.