कुत्री व्यालीय, ६ पिल्लं आहेत, एक अगदीच बारकं – थंडीत काय करायचं? (सोलापूर)

साखरपेठकर | ८ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. आमच्या बोळातली चिंगी परवा पहाटे आमच्याच बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये व्याली. गावठीच आहे, पण लहानपणापासनं आमच्या दारातली. ६ पिल्लं झालीत, पाच दणकट आहेत आणि सहावं उंदराएवढं, ते प्यायला जातं आणि बाकीचे त्याला ढकलून देतात. आज संध्याकाळी बघितलं तर कोपऱ्यात एकटंच पडलेलं, अंग गारठलेलं, आवाज पण बारीक. मी गाईचं दूध कोमट करून चमच्यानं पाजलं तर निम्मं नाकातनंच आलं. आई म्हणती ओव्याच्या पुरचुंडीनं शेक दे. घरात टेरी टॉवेलचे तुकडे ढिगानं पडलेत, तेच खाली अंथरलेत. रात्री शेडमध्ये लय गार पडतंय. बल्ब लावू का? दूध कुठलं देऊ? आणि हात लावल्यावर चिंगी पिल्लाला टाकून देती म्हणतात ते खरंय का?

बे_बोल | ११:४८

चमच्यानं दूध? काय करलालास बे. नाकातनं आलं म्हणजे छातीत पण गेलं असंल. थांब आता, जाणकार लोक येऊ देत.

गुरांचा_दवाखाना | ९ जानेवारी, रात्री १२:१०

मी जनावरांच्या दवाखान्यात बरीच वर्षं काढलीत, डॉक्टर नाही, पण पिल्लं बख्खळ बघितलीत म्हणून लिहितो. आधी दूध पूर्ण बंद कर. गार पडलेल्या पिल्लाला दूध द्यायचंच नाही, कारण अंग गार असलं की आतडं काम करत नाही, दूध पोटात तसंच राहतं, फुगतं आणि पिल्लू त्यानंच जातं. लोकांना वाटतं भुकेनं मेलं. आधी ऊब, मग दूध, हे डोक्यात पक्कं बसव. करंगळी त्याच्या तोंडात घालून बघ, तोंड गार लागलं तर समज आतपर्यंत गार आहे. शर्टाच्या आत पोटाशी धरून बस, तासभर, दीड तास, घाई नाही, एकदम कडक शेक पण नाही. नवं पिल्लू पहिला आठवडा थंडीनं कुडकुडत सुद्धा नाही, त्याच्या अंगात ती सोयच नसते, म्हणून बघणाऱ्याला कळत नाही की ते गारठलंय. तोंडाला ऊब आली, चोखायला लागलं, की हिरडीला साखरेच्या पाण्याचं बोट लाव आणि चिंगीच्या मागच्या पायांकडच्या सडाला लाव, तिथं दूध जास्त असतं. बाकीच्या पाच जणांना अर्धा तास टोपलीत ठेव म्हणजे ह्याला निवांत पिता येईल.

हात लावल्यानं कुत्री पिल्लं टाकत नाही, विशेषतः ओळखीच्या माणसानं लावल्यावर. पण बोळातली सगळी पोरं बघायला आली तर ती एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडं हलवेल, आणि मग तू रात्री टॉर्च घेऊन हिंडशील.

पॉमवाली_ताई | सकाळी ७:१५

अरे ते टेरी टॉवेल काढ आधी! त्याच्या धाग्यांच्या फासात पिल्लांची नखं अडकतात, माझ्या पिल्लाचा पाय सुजला होता तसा. आपल्याकडं जुन्या सोलापुरी चादरी काय कमी आहेत का, एक घडी करून टाक, खाली पोतं. नुसता पेपर पण नको, घसरतो आणि पाय फाकतात. बल्ब लावणार असशील तर एकाच बाजूला लाव, पिवळा, दोरीनं पक्का बांधून, म्हणजे गरम झालं तर पिल्लं सरकून दुसऱ्या बाजूला जातील. पहिल्या आठवड्यात त्यांना ३० डिग्रीच्या आसपास लागतं. थर्मामीटर नसंल तर पिल्लांकडंच बघ, एकमेकांवर ढीग करून किरकिरत असतील तर गार, लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर गरम, शेजारीशेजारी गप्प झोपली असतील तर बरोबर. झोपेत झटके देतात, पाय उडवतात, त्याला घाबरू नको, तसंच असतं.

साखरपेठकर | सकाळी ८:०२

ताई, दादा, लय उपकार. रात्री पावणेतीनपर्यंत स्वेटरात घेऊन बसलो होतो, आई म्हणली तूच व्यालास का काय. साधारण दोनला तोंडाला ऊब आली, मग चिंगीला लावलं तर पायानं दाबून दाबून प्यालं. पण एक वाईट बातमी. पहाटे बघितलं तर सगळ्यात जाडजूड होतं ते चिंगीच्या पाठीमागं भिंतीला चिकटून मेलेलं. दबलं वाटतं. ज्याची काळजीच नव्हती तेच गेलं.

गुरांचा_दवाखाना | ८:३०

वाईट झालं. होतं असं, आई दमलेली असते, टेकते तिथं टेकते. मागाच्या लाकडी पट्ट्या असतील ना शेडमध्ये? भिंतीपासून चार बोटं लांब आणि जमिनीपासून चार बोटं वर अशी एक पट्टी तिन्ही बाजूंनी विटांवर बसव. आई भिंतीला टेकली तरी पिल्लाला मागं जागा राहते.

आणि आईचा किचनमधला काटा घे. रोज एकाच वेळेला वजन कर, वहीत लिही. नुसतं हातात धरून "भरलंय वाटतं" म्हणणं काही खरं नाही. पिल्लू रोज पाच ते दहा टक्क्यांनी वाढायला पाहिजे, आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट. एक दिवस वजन तिथंच थांबलं तर लक्ष ठेव, कमी झालं तर दवाखाना.

होटगीरोड_अण्णा | ९:१०

ओळखायला गळ्यात रंगीत सूत बांधा, साखर पेठेत सुताला काय तोटा.

पॉमवाली_ताई | ९:१४

अण्णा, सूत नको हो. पिल्लू दहा दिवसांत दुप्पट होतं, दोरा तेवढाच राहतो. अंगावरचे ठिपके बघून नावं ठेवा.

साखरपेठकर | ९:४०

बारक्या १९० ग्रॅम, बाकी चौघं २९० ते ३३०. काटा आईनं धुवून परत मागितलाय, चपातीच्या पिठाचा आहे म्हणून. दुसरा घेतो.

चिंगीला खायला काय देऊ? शेजारच्या काकूंनी शिरा करून आणलाय.

होटगीरोड_अण्णा | १०:०५

व्यालेल्या कुत्रीला शिरा घालायचा आपला रिवाजच आहे, पुण्य लागतं.

गुरांचा_दवाखाना | १०:२०

पुण्य लागू दे पण त्यातले बेदाणे काढून घाला. द्राक्ष, बेदाणा कुत्र्याच्या किडनीला घातक असतो, आणि आपल्याकडं शिऱ्यात मूठभर बेदाणे पडतातच. शिरा एक-दोन दिवस ठीक, पण नुसत्या रव्या-साखरेवर दूध टिकत नाही. भात, अंडी, कोंबडीचं उकडलेलं (कांदा-लसूण न घालता), कडक भाकरी त्या पाण्यात कुस्करून. पिल्लं तीन आठवड्यांची होतील तेव्हा ही एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाईल, घाबरू नको. पाणी भरलेलं ठेव सतत. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही म्हणून कुत्रीच्या वाडग्यात काटकसर करू नका.

पुण्यात_अडकलेला_सोलापूरकर | १०:५५

कॅल्शियमचं सिरप चालू करा, माणसांचं चालतं.

पॉमवाली_ताई | ११:३०

मनानं नको!! माझ्या पॉमला (पॉमेरेनियन कुत्रीला) पाच पिल्लं झाली होती. पोटुशी असताना मी हौसेनं रोज कॅल्शियम दिलं, एका मेडिकलवाल्यानंच सांगितलेलं. अठराव्या दिवशी संध्याकाळी ती जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागली, मग पाय लाकडासारखे ताठ, अंग थरथर, हात लावला तर तव्यासारखं गरम. मला वाटलं विष खाल्लं. डॉक्टरांनी शिरेतनं कॅल्शियम सोडलं हळूहळू, हृदयावर लक्ष ठेवून, तेव्हा अर्ध्या तासात उठून बसली. नंतर ते म्हणाले, आधीपासून वरनं कॅल्शियम देत राहिलं की शरीर हाडातलं स्वतःचं काढायचं विसरतं, आणि दूध जोरात सुरू झालं की रक्तातलं एकदम खाली येतं. लहान जातीच्या, जास्त पिल्लांच्या कुत्रीला हे जास्त होतं. चिंगीला होईलच असं नाही, पण थरथर दिसली तर सकाळची वाट बघायची नाही, पिल्लं बाजूला घ्यायची आणि रिक्षा पकडायची.

साखरपेठकर | १५ जानेवारी, रात्री ९:५०

अर्जंट. आज गड्ड्यावर (सिद्धेश्वरांच्या जत्रेत) शोभेचं दारूकाम चालूय, इथपर्यंत आवाज येतोय, चिंगी पहिल्याच बारला पत्र्याखालनं पळाली ती अजून नाही. पिल्लं नऊ दिवसांची. दीड तास झाला. बारक्या रडलालंय, आता बाकीचे पण.

गुरांचा_दवाखाना | ९:५८

पिल्लांना आवाजाचं काही नाही, त्यांचे कान अजून बंद आहेत, दोन आठवडे उलटल्यावर उघडतात. त्यांना फक्त आई नाही हे कळतंय. पाण्याची बाटली गरम करून चादरीत गुंडाळून मध्ये ठेव, झाकण दोनदा तपास. मग दूध. पिल्लांची मिल्क पावडर आणून ठेवलीस का?

साखरपेठकर | १०:०१

पिल्लांची मिल्क पावडर आहे, कालच आणली.

गुरांचा_दवाखाना | १०:०९

शाब्बास. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, मनगटावर थेंब टाकून बघ, कोमट लागला पाहिजे. सुई काढलेली सिरिंज. पिल्लू पोटावर, जसं आईखाली पितं तसं, बाळासारखं उताणं धरायचं नाही आणि मान वर करायची नाही. थेंब थेंब, त्यानं चोखलं की पुढचा. १०० ग्रॅम वजनाला एका वेळी ४ मिलीच्या आसपास, म्हणजे बारक्याला १० पर्यंत, त्यावर नाही. मागच्या खेपेला नाकातनं आलेलं ते चमच्यानं ओतल्यामुळं.

आणि आता महत्त्वाचं, कोमट पाण्यात कापूस भिजवून त्यांच्या शी-शूच्या जागेवर हळू फिरव, आई चाटती तसं. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून नीट होत नाही. लोक दूध पाजतात आणि हे विसरतात.

पुण्यात_अडकलेला_सोलापूरकर | १०:१५

पावडर नसती तर गाईचं दूध चाललं असतं का?

गुरांचा_दवाखाना | १०:२६

कुत्रीच्या दुधात फॅट आणि प्रोटीन गाईच्या दुधाच्या दुपटीच्याही पुढं असतं, आणि साखर कमी. गाईचं दिलं की पोट भरतं, अंग भरत नाही, वर जुलाब. अगदीच अडलं तर एक रात्र गाईच्या दुधात अंड्याचा पिवळा बलक आणि थोडं दही फेटून, सकाळी पावडर. आठवडाभर त्यावर काढायचं नाही.

साखरपेठकर | १६ जानेवारी, पहाटे १:५०

आली. दीडला पत्रा वाजला, मी उठायच्या आत ती आत जाऊन आडवी झालेली. पाय नुसते धुळीनं भरलेले. पिल्लं तुटून पडली. कापसाचं केलं, पाचही जणांनी शू केली, बारक्यानं माझ्या हातावर केली. पिल्लांच्या घाईत मी हात मध्ये घातला तर चिंगीनं मला थोडं ओरबाडलं, तिचं काही नाही.

पॉमवाली_ताई | सकाळी ६:४०

तिचं काही नाही काय! तिला रेबीजची लस दिलीय का कधी? नसेल तर दात लागलेला असो का नख, रक्त दिसो न दिसो, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धू आणि आज सिव्हिलला जाऊन इंजेक्शन चालू कर. घरचीच आहे, लाडाची आहे, असलं काही चालत नाही ह्यात.

साखरपेठकर | १६ जानेवारी, दुपारी २:१०

लस नव्हती दिलेली. पहिलं इंजेक्शन घेऊन आलो. आईनं दोघांना शिव्या घातल्या, मला आणि चिंगीला.

साखरपेठकर | २३ जानेवारी, रात्री १०:२०

अपडेट. डोळे तेराव्या दिवशी उघडायला लागले, आधी एकाच बाजूनं फट, आत निळसर धूसर. बारक्याचे सगळ्यात शेवटी, परवा. २०ला जंताचं औषध दिलं, डॉक्टरनं वजनावर मोजून दिलेलं. दुसऱ्या दिवशी दोघांच्या शीमधनं शेवयांसारखे जंत पडले, जिवंत, वळवळत. आईचं जेवण गेलं. इतक्या लहान वयात कुठनं आले म्हणे हे?

गुरांचा_दवाखाना | १०:५०

आईकडनं, पोटात असतानाच आणि मग दुधातनं. म्हणून दोन आठवड्यांना पहिला डोस, मग दर दोन आठवड्यांनी, दोन महिने होईपर्यंत. चिंगीला पण द्या. आणि शेड झाडल्यावर हात धुवा, ते जंत लहान पोरांना पण त्रास देतात. गोचीड-पिसवांची पावडर मात्र पिल्लांवर मारू नका, बारीक दातांचा कंगवा आणि चादर गरम पाण्यात धुणं, एवढंच.

साखरपेठकर | ४ फेब्रुवारी, रात्री ८:३५

आता दात आलेत, चिंगी पाजताना उठून चालायला लागलीय आणि ही सडाला लोंबकळत जातात. भात-चिकन मऊ कालवून ताटलीत देतोय, निम्मी ताटलीत बसतात. बारक्या ८४० ग्रॅम, मोठी लाल्या १३१०.

प्रश्न असा की विजापूर रोडचे मामा ह्याच रविवारी लाल्याला न्यायला येतो म्हणलालेत. २९ दिवसांची आहे, खाती पण. देऊ का?

बे_बोल | ८:४१

मामाला म्हणावं आधी महिनाभर ह्याच्या आईचा ओरडा खाऊन बघ.

पॉमवाली_ताई | ९:०५

नको देऊ, आठ आठवडे होऊ दे. खाती म्हणून झालं असं नसतं. आता ती भावंडांना चावतील, भावंडं केकाटतील, खेळ बंद करतील, त्यातनं किती जोरात चावायचं ते कळतं. लवकर नेलेलं पिल्लू हा धडा मामांच्या पोरांच्या हातावर शिकतं. मधल्या काळात मामांना म्हणावं रोज येऊन मांडीवर घेऊन बसा, चपला बाहेर काढून. मिक्सर, गाडी, पोरांचा आवाज, सगळं ह्याच दिवसांत कानावर पडू दे. आणि सहा ते आठ आठवड्यांत पार्वोची (उलट्या-जुलाबाचा जीवघेणा रोग) पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुढच्या, रेबीज तीन महिन्यांना. लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर सोडायचं नाही, पार्वो आला की घरात एक पण राहत नाही.

साखरपेठकर | ९:३०

मामांना सांगतो, फुगतील चार दिवस. जुळे सोलापूरचं एक घर बारक्याला घेतो म्हणतंय पण आई आता द्यायला तयार नाही, काटा पण परत मागत नाही. अजून एक, चिंगीचं नसबंदीचं ऑपरेशन पिल्लं अंगावरनं तुटल्यावर करायचंय, केल्यावर तिला परत आमच्याच बोळात सोडलं पाहिजे. दोघं शेजारी म्हणलालेत लांब सोडून या. कुणी सोलापुरात भटक्या कुत्रीचं केलंय का, पकडायला माणूस मिळतो का आपणच न्यायचं?

गुरांचा_दवाखाना | ९:५२

शेजाऱ्यांना सांग, भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या २०२३ च्या नियमाप्रमाणं ऑपरेशन करून जिथनं धरली तिथंच सोडावी लागते, लांब सोडणं बसत नाही त्यात. ओळखीची आहे तर तूच ने, गळ्यात मऊ पट्टा आणि रिक्षात मांडीवर पोतं. आधी दूध आटू दे, पिल्लं तुटल्यावर दोनेक आठवडे जाऊ देत. कुठं न्यायचं ते मेसेज करतो.