किंगफिश : आधी स्टेज, मग रेकॉर्ड

बरेच जण म्हणतात की ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातून आलेला गाण्याचा प्रकार, गाणारे हल्लीचे तरुण मोबाइलवरच्या क्लिपांनीच मोठे होतात. गायक-गिटारवादक किंगफिशच्या बाबतीत मला हे अर्धंच पटतं. खरं नाव क्रिस्टोन इन्ग्रम, जन्म १९९९, गाव अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं क्लार्क्सडेल. तिथल्या डेल्टा ब्लूज म्युझियमच्या वर्गात तो शिकला. ड्रम, मग बास आणि शेवटी गिटार. क्लिपा गाजल्या हे खरंच, पण तोवर गावातल्या क्लबांत मोठ्यांच्या बरोबरीने वाजवून पोरगं तयार झालं होतं. २०१४ मध्ये म्युझियमच्या विद्यार्थ्यांबरोबर थेट व्हाइट हाउसमध्ये वाजवून आला. पहिला अल्बम त्यानंतर पाच वर्षांनी, २०१९ ला! '६६२' या अल्बमला ग्रॅमी मिळालं ते २०२२ मध्ये.

सगळे त्याच्या गिटारवरच बोलतात, गळ्याकडे कुणाचं लक्षच नाही. आवाज जाडसर, पण संथ ब्लूज गाताना तो ओरडत नाही. ओळ जवळजवळ बोलल्यासारखी सोडतो, थांबतो, आणि उरलेलं गिटारीकडून वदवून घेतो. ही सवाल-जवाबाची जागा स्टुडिओत तितकी रंगत नाही. 'लाइव्ह इन लंडन' (२०२३) हा मैफलीतला अल्बम ऐका, समोरचे लोक दाद देतात तसा तो सोलो, म्हणजे एकट्या गिटारीचा तुकडा, लांबवत नेतो. कधी कधी तर वाजवत वाजवत स्टेजवरून उतरून सरळ गर्दीत शिरतो.

सोलो जरा जास्तच लांबतात, ही काहींची तक्रार मात्र मान्य. ज्येष्ठ ब्लूज गिटारवादक बडी गायबरोबरचं त्याचं 'फ्रेश आउट' हे गाणं ऐकलंय का कुणी?